कर्मसचिव आणि मतिसचिव : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या कारकीर्दीचें एक परीक्षण

(१) गिरनारचा लेख

जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशीं जी प्रसिद्ध शिळा आहे, तिच्यावर अशोकाच्या धर्माज्ञांबरोबरच महाक्षत्रप रुद्रदामन् याचा संस्कृत गद्यलेख कोरलेला आहे. त्याचा काळ इ. स. १५० च्या सुमाराचा. या लेखाचा विषय युद्ध नव्हे, दानहि नव्हे. एक तळें आहे. सुदर्शन नांवाचें हें तळें चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त यानें बांधविलें. अशोकाच्या वेळीं यवनराज तुषास्फ यानें त्यास पाट काढून तें परिपूर्ण केलें. पुढें शक ७२ मध्यें एका भयंकर वादळांत सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादि नद्यांस पूर येऊन बांधास चारशें वीस हात लांब, तितकेंच रुंद व पंचाहत्तर हात खोल भगदाड पडलें. तें पाहून राजाच्या मतिसचिवांनीं व कर्मसचिवांनीं अंग काढून घेतलें. शेवटीं आनर्त व सुराष्ट्र या प्रांतांचा अधिकारी अमात्य सुविशाख यानें तें काम पुरें केलें. आणि तेंहि कर, विष्टि व प्रणय यांचा प्रजेस जाच न देतां, राजाच्या स्वतःच्या कोशांतून. त्याच शिळेवर सुमारें तीनशें वर्षांनंतरचा स्कंदगुप्ताच्या काळचा लेख आहे. त्यांत पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित यानें हाच बांध पुन्हा घातल्याची हकीकत आली आहे.

एका तळ्यामुळें चार प्रांताधिकाऱ्यांचीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत. त्यांनीं वसूल केलेल्या कराचा, दिलेल्या निवाड्यांचा मागमूस उरला नाहीं. बांध घातल्याची नोंद तेवढी उरली. कौटिल्यानें सेतुबंधाचा विचार कृषिविषयांत व राजस्वविषयांत अशा दोन्ही ठिकाणीं केला आहे. हातानें शेंदलेल्या पाण्यावर पांचवा, खांद्यावरून वाहिलेल्यावर चौथा व प्रवाहयंत्रानें घेतलेल्यावर तिसरा असा उदकभाग त्यानें सांगितला आहे. म्हणजे पाणी अडविणें हें जसें शिल्प्याचें काम, तसें तें कोणास किती द्यावयाचें हें ठरविणें ही राजनीति होय, हा भेद आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ओळखलेला होता.

रुद्रदामन्‌च्या लेखांतील दोन शब्द प्रस्तुत लेखाच्या उपयोगाचे आहेत. मतिसचिव म्हणजे सल्ला देणारा मंत्री. कर्मसचिव म्हणजे काम पार पाडणारा. प्रश्न असा कीं, ज्याची हयात कर्मसचिव म्हणून गेली, त्याच्या हातीं मतिसचिवाची मुद्रा आली, तर तो पाण्याच्या कामांतून राज्यकारभारांत काय घेऊन येतो, आणि काय बाहेर ठेवतो? हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस चीन देशांत अनेक प्रांतांचे कारभारी इंजिनियर होते. त्यांपैकीं हू जिंताओ हे पेकिंगच्या छिंग्ह्वा विद्यापीठांत जलस्थापत्य शिकले, गान्सू प्रांतांत पीत नदीवरील ल्यूज्याशिया धरणाच्या कामावर राहिले, १९८५ त ग्वेइचौ व १९८८ त तिबेट येथील प्रांतिक पक्षप्रमुख झाले, आणि २००३ पासून २०१३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. चीनच्या पुराणकथेंत पुरास वाट करून देणारा यू हाच पुढें राजा होतो; तेव्हां त्या लोकांस यांत नवल वाटलें नसावें.

आपल्या बाजूस या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. ते म्हैसूरचे दिवाण म्हणून सर्वांस माहीत आहेत. परंतु त्यांच्या कारकीर्दीचीं पहिलीं चोवीस वर्षें मुंबई इलाख्यांत, आणि त्यांतील महत्त्वाचा भाग मराठी मुलुखांत गेला. त्यांची राज्यपद्धति या चोवीस वर्षांत घडली, आणि तिचें बळ व तिची मर्यादा हीं दोन्ही निरा कालव्यावरच्या एका योजनेंत आधींच दिसून येतात, असें आमचें म्हणणें आहे.

(२) पुणें, खानदेश व सक्कर

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी गांवचा. घराणें तेलुगु बोलणारें, वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतज्ञ. वडील लवकर वारल्यामुळें शिकवण्या करून त्यांनीं बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांत शिक्षण घेतलें व १८८१ त ते बी. ए. झाले. नंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले. १८८३ सालीं एल. सी. ई. च्या परीक्षेंत ते पहिले आले, आणि पुढच्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून नाशकास रुजू झाले.

नाशकानंतर त्यांस खानदेशांत काम मिळालें. पांझरेच्या खोऱ्यांत ओढ्याखालून नळानें पाणी पलीकडे नेण्याचें एक अवघड काम त्यांनीं भर पावसाळ्यांत केलें, याचा उल्लेख चरित्रकार करतात. परंतु आमच्या दृष्टीनें त्या खोऱ्याचें महत्त्व निराळें आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान बंधारे घालून गांवकऱ्यांनींच चालविलेली फडपद्धति तेथें शेंकडों वर्षें नांदत होती. बंधाऱ्याखालील जमिनीचे बहुधा चार फड पाडावयाचे. एका फडांत एका हंगामास एकच पीक घ्यावयाचें. दरवर्षीं पिकें फडांतून फिरवावयाचीं. प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असावयाची. आणि पाटकऱ्यानें ठरलेल्या क्रमानें पाणी सोडावयाचें. पाणी कमी आलें तर कोणता फड कोरडा ठेवावयाचा हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, म्हणजे तोटाहि सर्वांमध्यें वांटला जाई. पुढें निरेवर विश्वेश्वरय्यांनीं जी योजना घातली, तिचें या फडाशीं असलेलें साम्य डोळ्यांत भरणारें आहे. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. तथापि जो इंजिनियर पांझरेकांठीं वावरला, त्याच्या नजरेंतून फड सुटला असेल असें मानणें कठीण आहे.

१८९४ त सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीं सरकारनें त्यांची नेमणूक केली. सिंधूचें पाणी गाळानें भरलेलें, आणि गाळण्याच्या हौदांस लागणारा खर्च नगरपालिकेस झेपण्यासारखा नव्हता. त्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खोदून वाळूंतून झिरपलेलें पाणी घेतलें व तें वर चढविलें. १८९५ त तें काम संपलें. गाळण्याचें काम नदीच्या वाळूकडूनच करून घेण्याची ही युक्ति त्यांच्या स्वभावाची खूण आहे. पैसा नाहीं म्हणून काम सोडावयाचें नाहीं, आणि पैसा आहे म्हणून उधळावयाचाहि नाहीं.

पुण्याच्या वास्तव्यांत न्यायमूर्ति रानडे व गोपाळराव गोखले यांचा त्यांस सहवास घडला. देशाचें दारिद्र्य उद्योगधंद्यांवांचून हटणार नाहीं, हें रानड्यांचें मत त्यांच्या पुढील सर्व लेखनांत दिसतें. १८९८ त ते चीन व जपान पाहून आले. जपाननें शिक्षण व कारखानदारी यांच्या जोरावर एका पिढींत काय साधलें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यांत कित्येक फूट उंचीचें पाणी वाहून जाई. तें अडवावें तर धरण उंच करावें लागे, आणि तसें केल्यास पुराच्या वेळीं धरणास धोका. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतों ते बंद राहतात. त्यावर पाणी गेलें कीं पाण्याच्याच भारानें ते उघडतात, आणि पूर ओसरल्यावर पुन्हा मिटतात. धरणाची भिंत एक इंचहि न वाढवितां सांठा वाढला. या दरवाज्यांचें पेटंट त्यांच्या नांवें झालें. परंतु सरकारी नोकरींत असतांना केलेल्या शोधावर स्वामित्वशुल्क घेणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं, म्हणून तें त्यांनीं नाकारलें.

(३) निरा कालवा

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १८७६-७७ च्या दुष्काळानें दक्षिणेंतील पूर्वेकडचे जिल्हे उद्ध्वस्त केले. त्यांत आमचा सोलापूर जिल्हा अग्रभागीं होता. सिद्धरामांनीं बाराव्या शतकांत सोलापुरांत तळें खोदविलें. सरकारनें १८६६ ते १८७१ या काळांत आदिला नदीवर एकरूखचा तलाव बांधला, त्यास लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. परंतु अशा एकट्यादुकट्या तलावांनीं मुलूख वांचत नाहीं, हें त्या दुष्काळानें दाखवून दिलें. पश्चिमेकडे सह्याद्रीवर पडणारें पाणी अडवून पूर्वेकडे आणणें हाच मार्ग होता. त्याप्रमाणें वीर येथें बंधारा घालून निरेचा डावा कालवा काढण्यांत आला व १८८५ त तो सुरूं झाला. भाटघर येथें वेळवंडीवर बांधलेलें धरण १८९२ त पुरें झालें.

पाणी आलें, पण हिशेब जुळेना. दुष्काळाच्या वर्षीं प्रत्येक शेतकरी पाणी मागे, आणि पाऊस बरा झाला कीं काळ्या जमिनीस पाटाच्या पाण्याची गरज भासत नसे. वर्षभर पाणी घेणारे ते कालव्याच्या तोंडाकडील ऊंसवाले. हे भरपूर पाणी घेत, हव्या त्या शेतास घेत, आणि ऊंस विखुरलेला असल्यामुळें पाणी लांबलांबच्या चाऱ्यांतून मुरून जाई. कित्येक जमिनी चिबड झाल्या, गांवांत हिंवतापाचा जोर वाढला. आणि कालव्याच्या शेपटाकडील गांवें कोरडींच राहिलीं. १९०१ सालीं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं पाटबंधारे कमिशन बसलें. मुंबई इलाख्यांतील कालवे तोट्यांत कां, हा त्याच्यापुढील एक प्रश्न होता. विश्वेश्वरय्या १८९९ पासून पुणें जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांवर एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते. त्यांनीं जें उत्तर तयार केलें, तीच ब्लॉकपद्धति.

तिचीं अंगें थोडक्यांत अशीं. कालव्याचें पाणी मूठभर गांवांत न जिरवितां शक्य तितक्या अधिक गांवांस वांटून द्यावें. परंतु प्रत्येक गांवांत तें वाटेल तेथें न देतां, जेथें जमीन चांगली, निचऱ्याची व चारीच्या सोयीची आहे अशा आंखून दिलेल्या एका तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकांत, एकवटावें. त्या ब्लॉकाच्या साधारण तिसऱ्या हिश्शांतच ऊंस असावा. उरलेल्यांत भात व हलकीं पिकें घ्यावीं. आणि तीन वर्षांच्या फेऱ्यानें पिकें जागा बदलीत जावींत, म्हणजे जमीन चिबडणार नाहीं. पाणी अंदाजानें न देतां मोजून द्यावें. शेतकऱ्याशीं कांहीं वर्षांचा लेखी करार करावा, म्हणजे त्यास पाण्याची शाश्वति व सरकारास पाणीपट्टीची.

या योजनेस प्रथम कडवा विरोध झाला. जे मन मानेल तसें पाणी घेत होते, त्यांस हें बंधन वाटलें. पुण्याच्या पत्रांनींहि शेतकऱ्यांची बाजू घेतली. विश्वेश्वरय्यांनीं शेतकऱ्यांच्या सभा भरविल्या, नकाशे पुढें ठेवले, शंका ऐकल्या, आणि १९०३ च्या सुमारास निरेवर पद्धति चालू करून दाखविली. अनुभव आल्यावर विरोध मावळला व हीच पद्धति दक्षिणेंतील इतर कालव्यांवरहि गेली. पस्तीस वर्षांनंतर, १९३८ त, मुंबई सरकारनें नेमलेल्या पाटबंधारे चौकशी समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें.

या प्रकरणांत दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. एक म्हणजे रीत: मोजमाप, नकाशा, लेखी करार, आणि आधीं पटवून मग अंमल. दुसरी म्हणजे तिच्या मुळाशीं असलेलें न्यायतत्त्व. कालव्याच्या तोंडाकडील ऊंसवाला म्हणे कीं, माझ्या जमिनींत भांडवल पडलें आहे, मला बागाइताची विद्या अवगत आहे, त्याच पाण्यांत शेपटाकडच्या जिराइतवाल्यापेक्षां मी अधिक पिकवून दाखवितों. मग पाणी मलाच कां नको? ब्लॉकपद्धतीचें उत्तर असें होतें कीं, कालवा सर्वांच्या पैशानें झाला आहे, म्हणून त्याचा लाभ जास्तीत जास्त गांवांस पोंचला पाहिजे. तोंडाकडच्याची कुशलता हा त्याचा हक्क ठरत नाहीं. हें तत्त्व वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याची गरज पुढें म्हैसुरांत लागणार आहे.

(४) हैदराबाद व म्हैसूर

खात्यांत त्यांस अनेक ज्येष्ठांच्या डोक्यावरून बढती मिळाली होती. १९०६ त एडनच्या पाणीपुरवठ्याचें व मैलापाण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपविण्यांत आलें. परंतु मुख्य इंजिनियरची जागा त्या काळीं हिंदी मनुष्यास मिळण्याचा संभव नव्हता. तें ओळखून १९०८ त त्यांनीं नोकरींतून मुक्त होण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं २८ सप्टेंबरास मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद शहराची वाताहात केली. निजाम सरकारनें त्यांस बोलाविलें. पुराचें पाणी शहराच्या वरच्या अंगास दोन तलावांत धरून ठेवावें, असें त्यांनीं सांगितलें. त्यांच्या सल्ल्यांतूनच पुढें उस्मानसागर व हिमायतसागर निर्माण झाले.

१९०९ च्या नोव्हेंबरांत ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले. त्या वेळचे दिवाण टी. आनंदराव हे राजा सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. त्यांच्या आधींचे व्ही. पी. माधवराव. दोघेहि तंजावरकडील मराठी देशस्थ, हें येथें नमूद करण्यासारखें आहे. विश्वेश्वरय्यांनीं नोकरी पत्करतांनाच शिक्षण व उद्योगधंदे यांविषयीं आपणांस कांहीं करावयास वाव मिळेल काय, असें विचारून घेतलें होतें. म्हणजे कर्मसचिवाच्या खुर्चीवर बसतांना त्यांचें लक्ष मतिसचिवाच्या कामाकडेहि होतें.

कावेरीवर कन्नंबाडी येथें धरण बांधण्याची त्यांची योजना खर्चाच्या भीतीनें प्रथम अडली. महाराज कृष्णराज वडियार यांनीं शेवटीं मंजुरी दिली व १९११ त काम सुरूं झालें. खालच्या बाजूच्या मद्रास सरकारचा आक्षेप असल्यामुळें प्रारंभीं ८० फूट उंचीच्याच धरणास संमति होती. विश्वेश्वरय्यांनीं पाया मात्र १२४ फुटांच्या हिशेबानें रुंद घातला. मद्रासशीं अखेरचा करार १९२४ त झाला. धरण १९३०-३२ च्या सुमारास पुरें झालें, आणि पाया बदलावा लागला नाहीं. पायाच्या या रुंदींत त्यांची सारी राजनीति आली: परवानगी आजची घ्यावयाची, बांधणी उद्यांची करावयाची.

संशोधकांस रुचेल अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. धरणाच्या जागीं टिपू सुलतानाचा एक फारसी शिलालेख सांपडला. याच ठिकाणीं कावेरीवर बांध घालण्याचा त्यानें १७९४ त संकल्प केल्याचें त्यावरून कळतें. तो लेख धरणाच्या प्रवेशद्वारापाशीं लावण्यांत आला. उलट बाजूनें, जुन्या कन्नंबाडींतील वेणुगोपाळाचें होयसळ धाटणीचें देऊळ तळ्यांत बुडालें, आणि एकविसाव्या शतकांत नव्या जागीं त्याची पुन्हा उभारणी झाली. प्रत्येक सेतूच्या हिशेबांत जमेबरोबर अशी एक खर्चाची बाजू असते.

१९१२ च्या नोव्हेंबरांत महाराजांनीं त्यांस दिवाण केलें. दिवाणगिरी आजवर मुलकी व न्याय खात्यांतील माणसांकडे जात आली होती. या जागीं इंजिनियर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांच्या सहा वर्षांतील कामांची यादी सर्वश्रुत आहे, म्हणून ती विस्तारानें देत नाहीं. १९१३ त म्हैसूर बँक, १९१५ त कन्नड साहित्य परिषद, १९१६ त म्हैसूर विद्यापीठ व व्यापारी मंडळ, चंदनतेल व साबण यांचे कारखाने, भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची पूर्वतयारी, प्राथमिक शिक्षणाची सक्ति, आणि दुपटीहून अधिक झालेल्या शाळा. प्रतिनिधिसभेस वर्षांतून दुसऱ्यांदां भरण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची सवड त्यांच्याच वेळीं मिळाली.

यादीपेक्षां रीत महत्त्वाची. खेड्यापाड्यांची पाहणी करून आंकडे गोळा करावयाचे. जिल्हावार परिषदा भरवावयाच्या. प्रत्येक अधिकाऱ्यास लेखी कार्यक्रम आंखून द्यावयाचा. ठरल्या मुदतींत अहवाल मागावयाचा. निरेवरचा ब्लॉकांचा नकाशा डोळ्यांपुढें ठेवून म्हैसूरची आर्थिक परिषद पाहिली, तर दोन्ही एकाच हाताच्या आहेत हें सांगावें लागत नाहीं. १९२० चा त्यांचा हिंदुस्थानच्या पुनर्घटनेवरील ग्रंथ व १९३४ चा नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ हे याच रीतीचें देशव्यापी रूप होत.

(५) मिलर समिति

असा कर्तबगार दिवाण १९१८ च्या डिसेंबरांत रजेवर गेला आणि परतला नाहीं, याचें कारण पाण्यांत नाहीं, पैशांतहि नाहीं. तें सरकारी जागांच्या वांटणींत आहे. म्हैसूरच्या कारभारांत ब्राह्मणांचें प्रमाण लोकसंख्येच्या मानानें फारच मोठें होतें. ब्राह्मणेतर समाजांचें शिष्टमंडळ महाराजांकडे गेलें, आणि १९१८ त मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. सात वर्षांच्या आंत वरच्या जागांपैकीं निम्म्या व खालच्या जागांपैकीं दोनतृतीयांश मागासलेल्या समाजांस मिळाव्या, अशी शिफारस तिनें १९१९ त केली. विश्वेश्वरय्यांस हें धोरण मान्य नव्हतें. जागा गुणावर द्याव्या, मागासलेल्यांस शाळा व शिष्यवृत्त्या देऊन वर आणावें, नाहींतर कारभाराची कार्यक्षमता ढांसळेल, असें त्यांचें मत होतें. महाराजांनीं समिति नेमली, आणि दिवाणांनीं पद सोडलें.

येथें मराठी वाचकास करवीरची आठवण होणें अपरिहार्य आहे. शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें मागासलेल्या वर्गांसाठीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास राखून ठेवल्या. म्हणजे निरेकांठीं शेपटाकडच्या गांवांस पाण्याचा वांटा मिळावा म्हणून ब्लॉक आंखले जात होते, जवळजवळ त्याच वेळीं करवीरांत राज्याच्या जागांचा वांटा शेपटाकडच्या माणसांस मिळावा म्हणून हुकूम निघत होता. दोहोंचें तत्त्व एकच. सर्वांच्या पैशानें जें चालतें, त्याचा लाभ मूठभरांत जिरूं नये. तोंडाकडच्याची कुशलता हा पाण्यावरचा हक्क नव्हे, असें ज्यानें ऊंसवाल्यास सांगितलें, त्यानेंच म्हैसुरांत तोंडाकडच्यांच्या कुशलतेचा कैवार घ्यावा, ही या कारकीर्दींतील खरी गांठ आहे.

विश्वेश्वरय्यांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें म्हटलें पाहिजे. पाणी पिण्यास शेताला शिक्षण लागत नाहीं; अधिकार चालविण्यास मनुष्याला लागतें. शिवाय त्यांनीं शाळा नुसत्या सांगितल्या नाहींत, काढूनहि दाखविल्या. आणि पुढें अधिकारपदास पोंचलेल्या अनेक समाजांतील तरुणांचा पाया त्या शाळांत घातला गेला. त्यांच्या निःस्पृहतेबद्दल तर विरोधकांनींहि शंका घेतलेली नाहीं. परंतु त्यांचाच दाखला त्यांच्यावर उलटतो. ब्लॉकांतील जमीन आपोआप बागाईत झाली नाहीं; चारी काढून, पाण्याची लेखी शाश्वति देऊन, मग ती झाली. आधीं बागाइताची विद्या दाखवा, मग पाणी देऊं, असें जर निरेवर म्हटलें असतें, तर शेपटाकडचीं गांवें आजहि कोरडींच असतीं. जें मोजतां येतें त्याचा न्याय विश्वेश्वरय्यांनीं अचूक केला. मनुष्याची दडपलेली योग्यता कोणत्याहि मापकांत बसत नाहीं. तेथें त्यांची रीत थांबली. सुविशाखाच्या लेखांत बांधाचें माप हातांत दिलें आहे, प्रजेचा अनुराग मात्र मापांत दिलेला नाहीं; दोन्ही गोष्टी लेखकानें वेगवेगळ्या नोंदविल्या, हें त्याचें शहाणपण.

दिवाणगिरीनंतर विश्वेश्वरय्या सुमारें त्रेचाळीस वर्षें जगले. १९२३ पासून १९२९ पर्यंत भद्रावतीचा तोट्यांतला कारखाना त्यांनीं सांभाळला. १९५५ त त्यांस भारतरत्न मिळालें, आणि १९६२ त बंगळूर येथें ते निवर्तले.

(६) आमचा जिल्हा व आमचें काम

निरेच्या पाण्याची कथा १९१८ त संपत नाहीं. भाटघरचें नवें धरण १९२७ त झालें, आणि उजव्या कालव्यानें निरेचें पाणी माळशिरस तालुक्यांत उतरलें. सासवडकडील माळी बागाइतदार पाण्यामागून आले. त्यांच्या वस्तीस माळीनगर नांव पडलें, आणि तेथें साखरेचा कारखाना उभा राहिला. पलीकडच्या तीरावर, इंदापूर तालुक्यांत, सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचें वालचंदनगर झालें. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले, आणि या जिल्ह्याचें राजकारण त्यांच्याभोंवतीं फिरूं लागलें. ब्लॉकाच्या तिसऱ्या हिश्शांत कोंडलेला ऊंस ब्लॉक मोडून बाहेर पडला, आणि तोंड व शेपूट यांचा जुना तंटा पुन्हा उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत काढली. पाणी जमिनीवर नव्हे तर माणसांवर वांटावें, भूमिहीनासहि वांटा असावा, आणि ऊंस लावूं नये, असे तिचे नियम होते. विश्वेश्वरय्यांनीं गांवापर्यंत नेलेलें तत्त्व साळुंख्यांनीं घरापर्यंत नेलें.

हा सर्व इतिहास कशावरून लिहावयाचा? विश्वेश्वरय्यांनीं १९५१ त आपल्या कार्यजीवनाच्या आठवणी इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. तें पुस्तक मोलाचें आहे; परंतु आत्मचरित्र म्हणजे अखेर बखरच. बखरीचें विधान अस्सल कागदावर घांसून पाहिल्याशिवाय घेऊं नये, हा राजवाड्यांचा दंडक पेशव्यांस लागू पडतो, तसा इंजिनियरासहि लागू पडला पाहिजे. ऊंसवाल्यांचा विरोध नेमका कोणत्या गांवांत होता, कोणाच्या सह्यांनीं अर्ज गेले, ब्लॉक आंखतांना कोणाची जमीन आंत आली व कोणाची बाहेर राहिली, शेपटाकडच्या गांवांस खरोखर किती पाणी पोंचलें, हें आठवणींत मिळणार नाहीं. तें ब्लॉकांच्या नकाशांत, पाणीपट्टीच्या पावत्यांत, करारपत्रांत, पाटकऱ्यांच्या वह्यांत व अर्जांच्या नकलांत मिळेल.

आपण सनदा, महजर व मोडी रुमाल जपतों, आणि तें योग्यच आहे. परंतु १९०३ चा करारनामा आज सव्वाशें वर्षांच्या घरांत आला. त्याचा कागद मोडी रुमालापेक्षां हलका आहे, आणि त्यास कोणी राजमुद्रा नसल्यामुळें तो प्रथम रद्दींत जातो. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांत ज्या घरीं पिढ्यान् पिढ्या पाटाचें पाणी आहे, त्या घरच्या दप्तरांत असे कागद असण्याचा संभव आहे. ते मिळतील तेथून मिळवावे, निदान त्यांची नक्कल व यादी करावी. रुद्रदामन्‌च्या लेखकास शिळा मिळाली म्हणून सुविशाख आपणांस कळला. निरेकांठच्या शेतकऱ्याची बाजू शिळेवर कोरलेली नाहीं. ती ज्या कागदांवर आहे, ते संपण्यापूर्वीं गोळा करणें हें आपल्या मंडळींचें काम आहे.